दोन ठिपक्यांची बॅटरी

टिक्.

दुपारच्या शांततेत तेवढाच आवाज झाला. परातीतून हलव्याचा एक दाणा उडून फरशीवर पडला आणि घरंगळत कपाटाखाली गेला. उर्वी झोपली होती. आजी तळमजल्यावर भजनाला गेल्या होत्या. पंखाही बंद होता, कारण हलव्याला काटा फुटत असताना वारा लागलेला चालत नाही.

दाणा तसाच सोडला असता तर संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागली असती. मी गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात घातला. दाण्याऐवजी हाताला एक पट्टा लागला. ओढला, तर धुळीने राखाडी झालेली एक काळी बॅग बाहेर आली. आत कॅमेरा होता.

कॅमेरा मानसीचा. मानसी म्हणजे प्रीतमची पहिली बायको, उर्वीची आई. उर्वी जेमतेम बसायला लागली होती तेव्हा ती डेंग्यूने गेली, साध्या कणकणीचं निमित्त होऊन. गेल्या वैशाखात माझं आणि प्रीतमचं लग्न झालं आणि मी कांजूरमार्ग पूर्वेला, ह्या चौथ्या मजल्यावर आले. आमच्या गॅलरीतून मिठागरं दिसतात, त्यांच्यापलीकडे खाडीच्या चिखलात फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडचा वास येतो आणि सगळ्या मजल्यांवरच्या खिडक्या धडाधड बंद होतात. मानसी त्या फ्लेमिंगोंचे फोटो काढायची. उर्वी झाल्यावर ती फक्त उर्वीचे काढायला लागली. घरात उर्वीच्या तान्हेपणाचे कितीतरी फोटो आहेत, पण एकातही मानसी नाही. जी फोटो काढते तिचा कोण काढणार? प्रीतमच्या फोनमध्ये दोघींचे एकत्र होते म्हणे. तो फोन ठाण्याला कुणीतरी खिशातून लांबवला.

मी कॅमेऱ्याचं बटण सरकवलं, उगाच. तो लागला. पडद्यावर आमचं कपाट दिसलं आणि कोपऱ्यात बॅटरीच्या तीन रेघा. पूर्ण भरलेल्या.

माझं लग्नापूर्वीचं काम मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधलं. तिथे एक सवय लागते. निकाल विचित्र आला की लगेच घाबरायचं नाही. नमुना पुन्हा लावायचा. मी कॅमेरा बंद केला, बॅटरी काढली, पुसली, परत घातली. काडेपेटीएवढी बॅटरी, तिच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका. पुन्हा तीन रेघा.

संध्याकाळी प्रीतम आल्यावर त्याला दाखवलं.

"चालतोय?" तो बूट काढता काढता म्हणाला. "चार वर्षं कुणी हात नाही लावला त्याला."

"बॅटरी फुल आहे."

"असेल. तिने चांगली ओरिजिनल घेतली होती." मग बूट कोपऱ्यात सारत म्हणाला, "तुला लागेल ना हलव्याच्या दागिन्यांच्या फोटोंना? घे. पडून काय करायचंय?"

आजी लसूण सोलत होत्या. मी उर्वीसारखंच त्यांना आजी म्हणते. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तो मानसीचो. ती कोणाक हात लावूक देय नाय हुती."

"आये, आता ती आहे का?" प्रीतम म्हणाला.

आजींनी फक्त माझ्या गळ्याकडे बघितलं. मंगळसूत्राच्या खाली, काळ्या दोऱ्यात, माझ्या गळ्यात मानसीचा टाक असतो. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती. दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीचा टाक घालायचा, नवं लुगडं नेसली तर आधी त्याला दाखवायचं, सणाला आधी त्याला हळदकुंकू लावायचं. लग्नाच्या दिवशीच आजींनी तो बांधला होता. "तिचो मान तिका मिळाक व्हयो. मगे ती तुका त्रास देवची नाय." मला त्याचं काही वाटलं नव्हतं. लॅबमध्ये गळ्यात ओळखपत्र असायचं, तसंच हे.

मला लागत होतं ते वेगळंच. उर्वी मला "श्रुतू" म्हणते. जेवायला दे ना श्रुतू, वेणी घाल श्रुतू, माझा पेन्सिलबॉक्स कुठेय श्रुतू. गोड म्हणते, मला तक्रार नाही. तिच्या मावशीने एकदा "मम्मी म्हण गं" म्हटलं तर तिने ओठ आवळून घेतले आणि दिवसभर कुणालाच काही म्हणाली नाही. आमच्या घरात 'आई' अशी हाकच ऐकू येत नाही. आणि माझा तिच्याबरोबर एकही फोटो नाही. फोन समोर धरला की ती तोंड फिरवते, माझ्या खांद्यात खुपसते, पळून जाते. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा तिची पाठ आहे. यंदा तिला पाचवं चालू होतं, म्हणजे तिचं हे शेवटचं बोरन्हाण. मी ठरवलं होतं की दागिने मी स्वतः करणार, तिला मांडीवर घेणार आणि एक फोटो काढणार. एकच. तो भिंतीवर लागला की पुढचं आपोआप होईल, असं मला का कोण जाणे वाटत होतं.

*

संक्रांतीचे दिवस जवळ येत होते. मला बाळांच्या दागिन्यांच्या ऑर्डरी होत्या: मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, कृष्णाची बासरी. फोनवर फोटो काढला तर काळ्या मखमलीवर हलवा नुसता कापसासारखा दिसायचा. मानसीच्या कॅमेऱ्यात एकेका दाण्याचा काटा दिसायला लागला. उर्वी शाळेत गेली की मी गॅलरीच्या उजेडात पाट मांडायचे आणि खटक, खटक, खटक. मान वाकवली की टाक पुढे लोंबायचा आणि फोटोत यायचा, म्हणून मी तो काढून बॅगेच्या कप्प्यात ठेवायला लागले.

एक गोष्ट लक्षात यायला मला उशीर झाला. बॅगेत चार्जर नव्हता. कॅमेरा सापडल्यापासून मी तो एकदाही चार्ज केला नव्हता. रेघा मात्र तीनच.

जेवताना मी विषय काढला. "बोरन्हाणाच्या दिवशी मधेच बंद पडला तर? जास्तीची एक बॅटरी घेऊन ठेवावी म्हणते. चार्जर तर हवाच."

"एक चालतेय ना नीट?" प्रीतम भात कालवत म्हणाला. "मग दुसरी कशाला?"

प्रीतमचा हात ताटात थांबला. मग तो घाईघाईने म्हणाला, "घे ना, घे. मी आपलं असंच म्हटलं." आजींनी उर्वीच्या ताटात उगाच तूप वाढलं.

मुलुंडला, लॅबच्या गल्लीतच, अल्पेशभाईंचं दुकान आहे. कॅमेरे, चष्म्याच्या काड्या, रिमोट, सगळं एकाच काचेखाली. मी ठिपक्याची बॅटरी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती आपल्या चार्जरला लावली. दिवा भराभर लाल लुकलुकला आणि विझला. दुसऱ्या चार्जरला लावली. तेच.

"बेन, ही तर मेलेली आहे," ते म्हणाले. "चार्जच घेत नाही. कधीची आहे?"

"पण चालतेय," मी म्हटलं. बॅटरी कॅमेऱ्यात घातली, बटण सरकवलं. तीन रेघा. त्यांच्या काचेवरच्या गणपतीचा फोटो काढून दाखवला.

अल्पेशभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. बॅटरी पुन्हा काढून व्होल्टेज मोजायच्या यंत्राच्या दोन तारा तिला लावल्या. काटा जागचा हलला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बॅटरीकडे बघितलं, आणि हसले. "तुमचा कॅमेरा चमत्कारी छे. पण चमत्कारावर फंक्शन नाही करायचं. बारशाला, बोरन्हाणाला लोक माझ्याकडे रडत येतात, ऐन टायमाला गेली म्हणून. नवीन घेऊन जा. घरात खरी एक आणि खोटी एक, दोन्ही ठेवा."

मी नवीन बॅटरी आणि चार्जर घेतला. अदलाबदल होऊ नये म्हणून घरी येऊन नवीनवर माझ्या नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले. उर्वी शेजारी हनुवटी टेकून बघत होती.

"हिला एक, तिला दोन," ती म्हणाली.

"हो. म्हणजे कुठली कधी लावली ते कळतं. तुझी आई पण असंच करायची."

"माहितीये," ती म्हणाली. तिला काय माहीत असणार! तेव्हा ती रांगतसुद्धा नव्हती.

*

नवीन बॅटरी चार्जरवर हिरवी झाली. मी तिच्या टोकांवरची प्लास्टिकची टोपी कुठेतरी हरवली आणि ती तशीच बॅगेच्या कप्प्यात टाकली. सकाळी कॅमेऱ्यात घातली तर पडदा काळा. कप्प्यात हात घातला आणि झटकन मागे घेतला. टाक गरम होता. परातीच्या कडेसारखा गरम.

मी अल्पेशभाईंना फोन केला. ते खो खो हसले. "बेन, बॅटरीबरोबर चांदी ठेवली? शॉर्ट झाली ती! दागिना, चावी, चिल्लर, काही ठेवायचं नाही. आग लागली असती ना!"

मला इतकं हलकं वाटलं की मीपण हसले. कारण मिळालं होतं. उघड्या टोकांना धातू लागला, वीज वाहून गेली, पत्रा तापला. शाळेतल्या पोरालाही कळेल. मी टाक देव्हाऱ्यातल्या वाटीत ठेवला, टोपी शोधून बॅटरीवर बसवली, बॅटरी पुन्हा चार्ज केली.

आजींनी वाटी बघितली. "गळ्यातलो काढलंस?"

"बॅटरी खराब होते त्याने, आजी. बोरन्हाणाला घालते ना."

"तिका विचारलंस?"

मी परात घेऊन बसले.

रविवारी सकाळी प्रीतम भाजी आणायला गेला होता. मी म्हटलं, एकदा रंगीत तालीम करून बघू. हॉलमध्ये काळी साडी पडद्यासारखी लावली, समोर टेबलावर कॅमेरा ठेवला. टायमर लावला की समोरचा लाल दिवा लुकलुकतो आणि मग खटक होतं. दोन ठिपक्यांची बॅटरी घातली, नुकतीच हिरवी झालेली. आधी उर्वीला एकटीला बसवून बघितलं. खटक. छान आला. मी एकटी बसले. खटक. मग तिला मांडीवर घेतलं. फोनसमोर पळणारी पोरगी ह्या कॅमेऱ्यापुढे मात्र अगदी शहाण्यासारखी बसते.

लाल दिवा लुकलुकला, वेग वाढला, आणि विझला. आवाज नाही. पडदा काळा. बॅटरी संपली होती.

चार्ज केली. दुपारी नमुना पुन्हा लावला. उर्वी एकटी: खटक. मी एकटी: खटक. दोघी: काळोख.

एखादी वायर सैल असेल. मी बसताना टेबल हलत असेल. पण टेबल हलल्याने बॅटरी रिकामी कशी होईल? मी कॅमेऱ्याचं माहितीपत्रक फोनवर शोधून वाचलं. त्यात थंडीत बॅटरी लवकर उतरते असं होतं. कांजूरमार्गला कसली थंडी?

शेवटी मी एका ठिपक्याची, मेलेली बॅटरी घातली. तीन रेघा. टायमर लावला, उर्वीला मांडीवर घेतलं. दिवा लुकलुकला, वेग वाढला, थांबला. ह्या वेळी कॅमेरा बंद पडला नाही. पडदा चालू, रेघा तीन. फक्त खटक झालं नाही. मी वाट बघितली. उर्वी हलली नाही. शेवटी मी तिला खाली बसवलं आणि काय झालं ते बघायला उठले. चौकटीतून बाहेर पाऊल टाकलं, आणि माझ्या पाठीमागे आवाज झाला.

खटक.

मी फोटो बघितला. काळ्या साडीपुढे उर्वी एकटी बसलेली. डोळे अर्धे मिटलेले, तोंडावर दूध पिऊन झाल्यासारखं समाधान. आणि ती रेललेली होती. नुसती तिरकी नाही, पूर्ण रेललेली, उजव्या बाजूला, डोकं सगळं टाकून. मी तिला तसंच बसवून बघितलं. त्या कोनात ती लगेच कलंडली आणि हसायला लागली.

"पुन्हा, श्रुतू, पुन्हा पाड!"

"मघाशी कशी बसली होतीस गं?"

"टेकून."

"कशाला टेकून?"

तिने खांदे उडवले आणि हलव्याच्या डब्याकडे पळाली.

मी तो फोटो प्रीतमला दाखवला नाही. पुसलाही नाही. काय करावं ते मला कळेना. मुलीचा इतका सुंदर फोटो मी आजवर बघितला नव्हता, हेही खरं.

*

बोरन्हाण आम्ही संध्याकाळी, उजेड असतानाच ठेवलं. सोसायटीतली पोरं, त्यांच्या आया, समोरच्या फ्लॅटमधली रश्मी. खिडक्या बंद होत्या, वारा डम्पिंगकडून होता. उर्वीला काळं परकर-पोलकं घातलं, त्यावर मी केलेले दागिने. मुकुट तिच्या कपाळावर जरा सैल बसत होता. तिने आरशात बघून जीभ बाहेर काढली आणि बाजूबंदाचा एक दाणा चाटला.

"ए चाटू नको, माझी मेहनत आहे ती!" मी म्हटलं.

"थोडीशीच मेहनत खाल्ली," ती म्हणाली. रश्मी हसून हसून भिंतीला टेकली.

कॅमेरा मी रश्मीच्या हातात दिला. आत दोन ठिपक्यांची बॅटरी, सकाळीच पूर्ण भरलेली. एका ठिपक्याची बॅटरी खिशात ठेवून दिली होती. का ठेवली, ते सांगता येणार नाही.

"आधी तिका," आजी म्हणाल्या. देव्हाऱ्यातली वाटी त्यांच्या हातात होती. कामाच्या गडबडीत मी टाक विसरले होते. विसरले होते, की घालायचा नव्हता? आजींनी टाकाला हळदकुंकू लावलं, एक बोर ओवाळून बाजूला ठेवलं आणि दोरा माझ्या गळ्यात बांधला. त्यांची बोटं मानेला गार लागली. टाक मात्र गार नव्हता.

औक्षण झालं. उर्वी पाटावर बसली. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, चॉकलेटं तिच्या डोक्यावरून ओतली. पोरं तुटून पडली. रश्मी फोटो काढत होती, खटक खटक खटक. सगळं नीट.

"आता तू घे तिला," रश्मी ओरडली. "हां, अशी. इकडे बघा दोघी!"

मी उर्वीला मांडीवर घेतलं.

"अगं," रश्मी म्हणाली. "गेली. बॅटरी गेली तुझी."

"मघाशीच तर—" प्रीतम म्हणाला.

मी खिशातली बॅटरी पुढे केली. "ही घाल."

"ही कितपत चालेल?"

"चालेल."

रश्मीने ती घातली. "अरे, ही तर फुल आहे!" तिने कॅमेरा डोळ्याला लावला.

पोरांचा कालवा चालू होता. मला तो ऐकू येईनासा झाला.

उर्वीने हात वर केला आणि माझ्या गळ्यातला टाक मुठीत धरला.

मी मनात मानसीला एवढंच म्हटलं, ये.

खटक.

"झकास!" रश्मी म्हणाली. मग तिने कॅमेरा हलवला, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. "आता हीपण गेली. तीन होत्या आणि एकदम काहीच नाही. चालू होतच नाही गं."

ती बॅटरी पुन्हा कधीच लागली नाही. दुसऱ्या दिवशी प्रीतमने ती गेटजवळच्या ई-कचऱ्याच्या डब्यात टाकली. आजींनी तो जाताना फक्त "सुटली बाय माझी," एवढंच म्हटलं आणि चहा ठेवायला गेल्या.

फोटो आला होता. तो भिंतीवर लावलाय. मी हसतेय, उर्वी माझ्या मांडीवर, मुकुट वाकडा झालेला. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, माझ्याकडेही नाही. मुठीकडे बघतेय. तिघींचा फोटो आहे तो. माझ्याकडून तो कुणी काढून घेतला तर मी भांडेन.

बोरन्हाणाच्या रात्री उर्वी माझ्या कुशीत येऊन झोपली. मी मनातल्या मनात मानसीला म्हटलं, झालं ना तुझ्या मनासारखं? मग मला स्वतःचंच हसू आलं. लॅबमधल्या बायकांना सांगितलं तर म्हणतील, श्रुतिका, तुझाच नमुना पुन्हा लावायला हवा.

*

रथसप्तमी झाली, ऑर्डरी संपल्या. उरलेल्या हलव्याचे दोन हार करून ठेवावेत, फोटो काढून पुढच्या वर्षीसाठी ठेवावेत, असा विचार करून काल दुपारी मी पाट मांडला. सकाळपासून अंगात जरा कणकण होती. हाडं दुखत होती, डोळ्यांच्या मागे ठणकत होतं. दमले असेन, महिनाभर परातीपुढे बसून.

कॅमेऱ्यात दोन ठिपक्यांची बॅटरी होती. बटण सरकवलं.

तीन रेघा.

चांगलं आहे, असं आधी मनात आलं. मग मी आठवायला लागले की हिला चार्ज कधी केलं. बोरन्हाणाच्या सकाळी. त्यानंतर ती संपली होती, रश्मीच्या हातात. त्यानंतर मी ती तशीच कॅमेऱ्यात परत घातली होती. त्यानंतर हळदीकुंकवाचे फोटो काढले. उर्वीच्या शाळेच्या स्पोर्ट्स डेचे काढले. आजींच्या भजनी मंडळाचे काढले.

चार्जर कपाटात होता. त्याच्या वायरीला मी स्वतः गुंडाळलेलं रबर तसंच होतं, त्यावर धूळ.

नमुना पुन्हा लावायचा.

मी बॅटरी चार्जरवर बसवली. दिवा भराभर लाल लुकलुकला आणि विझला.

काढली, पुसली, पुन्हा बसवली. तेच.

कॅमेऱ्यात घातली. तीन रेघा.

मी तशीच बसून राहिले. परातीतून एक दाणा निसटला, टिक् करून पडला आणि घरंगळत गेला. मी वाकले नाही. तो एका छोट्या पावलाला लागून थांबला.

उर्वी झोपेतून उठून आली होती. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. हातात माझी नेलपॉलिशची बाटली. ती मी वरच्या फळीवर ठेवली होती.

ती माझ्याजवळ बसली आणि मला टेकली. सगळं डोकं टाकून, पूर्ण रेलून. माझ्या हातातल्या बॅटरीवरचे ठिपके तिने बोटाने मोजले. मग वर माझ्याकडे बघितलं, अगदी मायेने. आणि ज्या हाकेसाठी मी लग्नापासून थांबले होते ती हाक मारून तिने विचारलं,

"आई, तीन ठिपक्यांवाली कधी येणार?"